रजिस्टरात तीन ओळी लिहिल्या म्हणून: बेळगाव-खानापूरच्या ठेकेदार मंडळींना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि आसपासच्या भागातले बांधकाम ठेकेदार, बिल्डर, साइट इंजिनिअर आणि मेस्त्री मंडळी यांस,

स. न. वि. वि.

पत्र जाहीर लिहिते आहे, कारण खाजगीत बोलून झालं. तिघांना फोन केले, दोघांच्या ऑफिसात जाऊन बसले. चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही. मग कळलं की उत्तर आधीच ठरलेलं होतं. "यापुढं सेफ्टीची शिकाऊ पोरं साइटवर घ्यायची न्हाईत. डोक्याला ताप नुसता." हे लेखी कुठंच नाही. बैठक झाली नाही, ठराव झाला नाही. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि माझ्याबरोबर शिकणाऱ्या चौघांना एकाच आठवड्यात वेगवेगळ्या साइटवरून "उद्यापासून येऊ नका" असा निरोप आला. त्या चौघांनी काही केलेलं नाही. ते माझ्या वर्गात आहेत, एवढंच. केलं मी, आणि तेही काय, तर साइटच्या रजिस्टरात तीन ओळी लिहिल्या.

आधी मी कोण ते सांगते. नंदगडच्या बाजूचं आमचं गाव. आईनं वीस वर्षं बेळगावात घमेलं वाहिलं. सकाळची गाडी धरून यायची, संध्याकाळी खानापूरला उतरून पुढं मिळेल त्या वाहनानं घरी. वडील गवंडी. टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ या भागातल्या कितीतरी घरांच्या भिंतींना त्यांचा ओळंबा लागलेला आहे. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि गेली सात वर्षं तुमच्यापैकीच तिघांकडं सुपरवायझर म्हणून काम केलं. म्हणजे मी बाहेरून येऊन तुम्हाला शहाणपण शिकवणारी नव्हे. स्लॅबच्या दिवशी मिक्सर बंद पडला की काय होतं, ऐन वेळी सिमेंट आलं नाही की मालक कसा फोनवर फोन करतो, शनिवारी पगाराला पैसे कमी पडले की ठेकेदार कुणाकडून हातउसने घेतो, हे सगळं मी बघितलेलं आहे. तुमची ओढाताण मला माहीत आहे. म्हणून तर हे पत्र तुम्हाला. कामगार खात्याला लिहिणं सोपं होतं.

सेफ्टी ऑफिसर व्हायचं मी का ठरवलं याचं कारण घरातच आहे. वडील परांचीवरून पडले तेव्हा मी आठवीत होते. उंची फार नव्हती, दुसऱ्या मजल्याची खिडकी. दोन फळ्या शेजारी शेजारी टाकलेल्या, पण एकीचं टोक आडव्या बांबूवर जेमतेम टेकलेलं. पाय तिथं पडला आणि फळी उलटली. ते वाचले, पण डावा पाय अजून ओढतच चालतात. त्या वेळी सगळे म्हणाले, नशीब. मीही तेच म्हणायचे. पुढं डिप्लोमाला असताना कळलं की फळी टेकूच्या पलीकडं किती बाहेर यावी, ती कशी बांधावी, जमिनीपासून 3.6 मीटरच्या वर परांची गेली की तिला निदान 90 सेंटिमीटर उंचीचा कठडा लागतो, हे सगळं कधीचं छापून ठेवलेलं आहे. ते वाचल्यावर नशीब हा शब्द माझ्या तोंडी बसेना.

आता त्या तीन ओळींकडं येते.

सेफ्टीच्या डिप्लोमासाठी शनिवार-रविवार दुसऱ्या शहरात वर्ग आणि बाकी दिवस साइटवर प्रत्यक्ष काम, असं माझं चाललं होतं. शहराबाहेरच्या एका तीन मजली कामावर मला शिकाऊ म्हणून घेतलं होतं. त्या इमारतीला तळात पाण्याचा संप होता. (पुण्याच्या मावशीला संप म्हटलं की हरताळ आठवतो. आमच्याकडं घर तिथं संप. जमिनीखालची पाण्याची टाकी.) अडीच मीटर खोल, वर स्लॅब, आणि स्लॅबला दोन फूट बाय दोन फूट तोंड. स्लॅब टाकून तीन आठवडे झाले होते, आतलं सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबला खालून आधार देणाऱ्या फळ्या-टेकू, तसंच होतं. मधे पाऊस झालेला, तळात गुडघ्याच्या खाली पाणी साचलेलं, फळ्या भिजून काळ्या पडलेल्या.

यादगीरकडचा एक पोरगा, वीस-एकवीसचा, त्याला सांगितलं की आत उतर आणि फळ्या काढून वर दे. त्याच्या पंधरा दिवस आधीच वर्गात आम्हाला बंदिस्त जागेचा धडा झाला होता. बाहेरच्या हवेत प्राणवायू 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली गेला की माणसानं तिथं उतरायचं नाही. बंद टाकीत ओलं लाकूड कुजतं, ते कुजवणारे जंतू प्राणवायू खातात आणि तोंड एवढंसं असल्यामुळं नवी हवा आत जात नाही. वास येत नाही, धूर दिसत नाही, खोकला येत नाही. आत जाणाऱ्याला काही कळायच्या आधी त्याचे पाय जातात. गोठ्यातल्या जुन्या विहिरीत कंदील सोडून बघायची आपल्या आजोबांची रीत होती, ती याच भीतीपोटी. पण गटाराचा किंवा मैल्याचा वायू असेल तर तोच कंदील भडका उडवतो, म्हणून आता ती रीत वापरायची नाही, हवा तपासायचा मीटर वापरायचा.

मीटर साइटवर नव्हता. मी ब्लोअर, म्हणजे आत हवा ढकलणारा पंखा, मागितला. "पाच मिनटाचं काम हाय, कशाला तमाशा." मी म्हटलं, निदान दोरी तरी. त्यावर सगळे हसले. पण दोरी दिली. त्या पोराच्या काखेखालून ती मी स्वतः बांधली. तो लाजून हसत होता.

पहिली फळी वर आली. दुसरी आली. तिसरी अर्धी आली आणि परत आत गेली. हाक मारली, उत्तर नाही. टॉर्च मारला तर तो गुडघ्यात डोकं घालून बसलेला, जणू दमून बसलाय. मेस्त्रीचा भाचा लगेच चप्पल काढून तोंडाशी बसला, आत उडी घ्यायला. त्याची कॉलर मी दोन्ही हातांनी धरली, त्याचं बटण माझ्या हातात आलं. तो गेला असता तर त्याच्यामागं तिसरा गेला असता. पेपरात अशा बातमीत नेहमी दोन-तीन नावं एकत्र येतात ती अशीच येतात. चौघांनी दोरी ओढली. पोरगा वर आला, खांदा खरचटलेला, तोंड पांढरं. थोड्या वेळानं ओकला, मग बोलला. दवाखान्यात नेलं, संध्याकाळी परत आला.

त्या रात्री मी रजिस्टरात लिहिलं: संपात उतरण्याआधी हवा तपासली नाही. ब्लोअर नव्हता. कामगार बेशुद्ध झाला, दोरीमुळं बाहेर काढता आला. एवढंच. कुणाचं नाव नाही, कुणावर ठपका नाही. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगाची नोंद ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी तो टळतो, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार म्हणाले, "पान फाड, पोरी." आवाज चढवला नाही. ते वाईट माणूस नाहीत. त्या पोराला त्यांनी दोन दिवस भरपगारी सुट्टी दिली, वर पाचशे रुपये दिले. मी पान फाडलं नाही. तेव्हा म्हणाले, "मग तू उद्यापासनं येऊ नको." आणि मग ती कुजबुज फिरली, जिच्यामुळं आज माझे चार सोबती घरी बसलेत.

मंडळी, आमचं म्हणणं काय आहे ते ऐका.

पहिलं म्हणजे, सेफ्टी ऑफिसर वर्गात तयार होत नाही. केंद्राच्या 1998 च्या बांधकाम कामगार नियमांत त्याची पात्रता लिहिलेली आहे. इंजिनिअरिंगची किंवा आर्किटेक्चरची डिग्री असेल तर बांधकामावर देखरेखीचा दोन वर्षांचा अनुभव, डिप्लोमा असेल तर पाच वर्षांचा. त्यावर औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका, आणि तीत बांधकाम सुरक्षेचा निदान एक पेपर. म्हणजे अनुभव आधी, कागद नंतर. तो अनुभव देणारे तुम्ही आहात. तुम्हीच दार लावलं तर बेळगावचा पोरगा सेफ्टी ऑफिसर होणारच नाही. मग मोठं सरकारी काम निघालं की लांबच्या शहरातून कुणीतरी येईल, इथल्या हॉटेलात राहील, कागदं करील आणि जाईल. तेव्हा तुम्हीच म्हणाल, आपल्या पोरांना कामं मिळत नाहीत.

दुसरं, अनुभवाचा दाखला. सात वर्षं काम करूनही मला दाखला मिळाला तो एका जागचा, तोही तीन वर्षांचा. बाकी दोन ठिकाणी म्हणाले, सुपरवायझर असं लिहिलं की पीएफचं विचारतील, तुला हवं तर 'साइटवर येत-जात होती' असं लिहून देतो. येत-जात होती! पाहुणी होते का मी? आणि हे फक्त आम्हा शिकलेल्यांचं दुखणं नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळात नाव घालायचं तर वर्षात 90 दिवस काम केल्याचं दाखवावं लागतं, आणि तिथंही बहुधा तुमचीच सही मागतात. चंदगडकडून येणाऱ्या गवंड्याचे हाल तर विचारू नका. घर महाराष्ट्रात, घाम कर्नाटकात. दाखला मागितला की इथले म्हणतात तिकडनं आण, तिकडचे म्हणतात जिथं काम केलंस तिथनं आण. आमच्या ओळखीचा एक माणूस तर आता दोन्हीकडं जायचं सोडून बसलाय.

तिसरं जरा नाजूक आहे, पण बोलल्याशिवाय सुटका नाही. त्याच नियमांत पात्रतेची आणखी एक अट आहे, जिच्याकडं कुणी बघत नाही: साइटवरच्या बहुसंख्य कामगारांची भाषा सेफ्टी ऑफिसरला पुरेशी यायला हवी. सीमाभागातल्या भाषेच्या वादात मला इथं शिरायचं नाही, तो 1956 पासून चालू आहे आणि त्याला बोलणारे पुष्कळ आहेत. मी साइटपुरतं बोलते आहे. आपल्या एका स्लॅबवर गवंडी मराठी, बिगारी रायचूर-यादगीरचे कन्नड, सेंट्रिंगवाले बिहारचे, फरशीवाले राजस्थानी. आणि फलक कुठला, तर 'सेफ्टी फर्स्ट', इंग्रजीत. तो वाचणारा साइटवर एकटा इंजिनिअर, आणि हेल्मेट असतं तेही त्याच्याचकडं.

वरून काही पडलं की आपल्याकडं सगळे एकच शब्द ओरडतात. कन्नडवाला 'हुषार' म्हणतो म्हणजे सांभाळ. मराठी माणूस 'हुशार' ऐकतो तेव्हा त्याला शाळेतला पहिला नंबर आठवत नाही, तोही बाजूला होतो. हे बेळगावातच जमतं. मी शाळा मराठीत शिकले, कन्नड गाडीत आणि बाजारात शिकले, हिंदी सेंट्रिंगवाल्यांकडून. सकाळी दहा मिनिटं या तिन्ही भाषांत बोलते तेव्हा तो यादगीरचा पोरगा मान हलवत नाही, प्रश्न विचारतो. प्रश्न विचारला म्हणजे ऐकलं. अशी तीन भाषांची माणसं या सीमाभागात घराघरांत आहेत. कायद्यानं मागितलेलं, आणि दुसऱ्या जिल्ह्यांना पैसे देऊनही न मिळणारं, आपल्याकडं फुकट पडलेलं आहे. आणि त्याच पोरांना तुम्ही साइटवरून हाकलताय.

चौथं, कागदी सेफ्टी. दर 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. आमच्या एका साइटवर त्या दिवशी बारा हेल्मेटं आली. फोटो झाला, नारळ फुटला, आणि जेवणाच्या सुट्टीआधी हेल्मेटं परत पोत्यात गेली. एक बिगारी म्हणाला, "उन्हाला बरी हुती की." तेवढाच त्यांचा उपयोग त्याला कळला, आणि त्यात त्याची चूक नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मला सांगितलं होतं की तपासणी आहे, मागच्या तीन महिन्यांच्या सकाळच्या बैठकांचं रजिस्टर आज रात्रीत कर. सगळ्यांचे अंगठे एका बैठकीत, शाईही एकच. खरं सांगते, तेव्हा मी ते केलं. नवीन होते, नोकरीची भीती होती. त्याची लाज अजून जात नाही, आणि म्हणूनच या वेळी पान फाडायला हात उठला नाही.

पाचवं, पंधरा दिवसांत सेफ्टी ऑफिसर करणाऱ्यांबद्दल. हे तुमच्याबद्दल नाही, पण तुम्ही त्यांना पोसता. जाहिरात बघून पोरं जातात, कुणी गाय विकून फी भरतं, कुणी बहिणीच्या लग्नाला ठेवलेल्या पैशातून. सर्टिफिकेट मिळतं, त्यावर सोनेरी शिक्का. माझ्या चुलतभावानं असंच घेतलं. आज तो एका साइटवर स्टोअर सांभाळतो आणि तपासणीच्या दिवशी त्याला पिवळं जाकीट घालून गेटवर उभा करतात. परदेशात जाणाऱ्याला काही परदेशी परीक्षांचा उपयोग होतो, ते मी नाकारत नाही. पण इथल्या नियमाला मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका लागते. ती घ्यायची तर मुंबईत सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट, नाहीतर चेन्नई, कोलकाता, कानपूर, फरीदाबादच्या विभागीय संस्था, किंवा जिथं मान्यताप्राप्त वर्ग असतील तिथं जा. नंदगडच्या पोरीनं एक वर्ष पगार सोडून सायनला राहायचं कसं, ते मला कुणी सांगावं.

आणि बायकांचं. हे मी मोजत नाही, कारण याला क्रमांक दिला की ते कायम शेवटी जातं. आई वीस वर्षं साइटवर पाणी कमी प्यायची. कारण संडास नसायचा. आज मी बघते, बिगारी बायका अजून तेच करतात, एप्रिलच्या उन्हात, डोक्यावर घमेलं घेऊन. चक्कर येऊन पडली की म्हणायचं, बाई अशक्त आहे. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यातच संडास-मुतारीची सोय मालकानं करायची असं स्वच्छ लिहिलेलं होतं. 50 पेक्षा जास्त बायका असतील तर त्यांच्या लेकरांसाठी खोलीसुद्धा. आपल्या साइटवर 50 बायका नसतात हे खरं. पण चार असतात, आणि त्या चौघींनाही लघवीला लागते.

आता तुमचं म्हणणं. मी ते ऐकलेलं आहे, म्हणून मीच मांडते. तुम्ही म्हणता, सेफ्टी ऑफिसर कायद्यानं आम्हाला लागतच नाही. बरोबर आहे. जुन्या कायद्यात 500 कामगारांची अट होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्याचं केंद्रानं जाहीर केलं, त्यांत बांधकामासाठी ती 250 वर आली. बेळगावात स्लॅबच्या दिवशीसुद्धा साठच्या वर माणसं क्वचित दिसतात. पण मग मरतं कोण आणि कुठं? ती 250 वाली साइट म्हणजे मोठा पूल, मोठं हॉस्पिटल. तिथं जाळी असते, पट्टा असतो, गेटवर नोंद असते. आपल्या गल्लीतल्या तीन मजली कामावर काहीच नसतं. तिथला माणूस कायद्याच्या आकड्यात बसत नाही आणि संपाच्या तोंडातून मात्र बरोबर आत बसतो.

शिवाय जे लागतं ते करायला ऑफिसर कशाला हवा? शहापूर-वडगावच्या बाजूच्या काळ्या मातीत गटाराचा चर खणला की पावसात त्याच्या बाजू कशा सुटतात हे तिथला शेतकरीही सांगेल. दीड मीटरच्या पुढं चर गेला की बाजूंना उतार द्या किंवा फळ्या-टेकू लावा, आणि काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाका, चर तीन मीटरच्या पुढं गेला तर त्याच्या निम्म्या खोलीइतकी. आपण काय करतो? अरुंद गल्ली म्हणून माती काठावरच रचतो आणि तिच्या ओझ्याखाली माणूस उतरवतो. खानापूरकडची लाल माती सरळ उभी राहते म्हणून तिचा भरवसा धरतो. ती न सांगता येते, एवढाच फरक. स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) सात दिवस, त्यावरच्याला चौदा दिवस ठेवायचे. पण फळ्या दुसऱ्या साइटला हव्यात म्हणून पाचव्या दिवशी खोलणारे मी बघितलेत. 11 केव्हीची (अकरा हजार व्होल्टची) तार गच्चीच्या कडेनं जाते, कायद्यानं ती आडवी निदान 1.2 मीटर लांब हवी. तिच्याजवळ आपण बारा मीटरची सळई उभी करून फिरवतो. यातलं काय महाग आहे?

तुम्ही असंही म्हणता की नोंद झाली की खात्याचे लोक येतात आणि मग वेगळाच खर्च सुरू होतो. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यावरचा उपाय नोंद करणारीला काढणं हा नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

आधी त्या चौघांना येत्या सोमवारपासून परत घ्या. माझा राग त्यांच्यावर काढू नका. मला नका घेऊ हवं तर, मी दुसरीकडं बघेन. पण घेतलंत तर फुकट नको, निदान बिगाऱ्याची हजेरी द्या. शिकणारा माणूसही दुपारी जेवतो.

जेवढं काम केलं तेवढ्याचा खरा दाखला द्या, पदाचं खरं नाव घालून. चंदगडच्या माणसालाही द्या.

साइटवर घडलेली, थोडक्यात टळलेली गोष्ट लिहून ठेवणाऱ्याला कामावरून काढणार नाही, असं तुमच्यापैकी पाच-दहा मोठ्या ठेकेदारांनी तरी सगळ्यांसमोर म्हणा. पान फाडायला सांगणार नाही, एवढं म्हटलंत तरी चालेल.

दहा-बारा लहान साइटना मिळून एक सुरक्षा माणूस ठेवा. प्रत्येकाला परवडत नाही हे मान्य, पण मिक्सर तुम्ही भाड्यानं आणता, लिफ्ट भाड्यानं आणता, तसा हा खर्च वाटून घ्या. तो रोज एका साइटवर जाईल, सकाळी दहा मिनिटं कामगारांच्या भाषेत बोलेल, परांची आणि चर बघेल. त्याच्याजवळ हवा तपासायचा एक मीटर असेल, सगळ्यांत मिळून एकच. तोपर्यंत एवढं तरी पाळा: झाकण आदल्या दिवसापासून उघडं ठेवून त्यावर जाळी टाकल्याशिवाय, ब्लोअर लावल्याशिवाय, मीटर कुठूनतरी मागून हवा बघितल्याशिवाय आणि दोरी धरून वर माणूस बसल्याशिवाय कुणीही संपात उतरायचं नाही. पाच मिनिटांसाठीही नाही.

आणि शेवटची मागणी तुमच्याकडं नाही, तुमच्याबरोबर आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का सेस, म्हणजे कामगार कल्याणासाठीचा कर, तुम्ही भरता. तो कुठं जातो म्हणून तुम्ही कट्ट्यावर बसून शिव्या घालता, मी ऐकल्या आहेत. मग चला, मिळून मागू. बेळगावात शनिवार-रविवारचा मान्यताप्राप्त सेफ्टीचा वर्ग हवा, कन्नड आणि मराठी दोन्हींतून समजावणारा, ज्यात आयटीआय झालेला पोरगा आणि वीस वर्षं काम केलेला गवंडीही निदान साइट सुपरवायझरच्या पातळीपर्यंत शिकेल. तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय ज्या गावाच्या वेशीवर आहे, त्या गावानं एवढं मागणं जास्त नाही. निवेदनावर पहिली सही तुमची, दुसरी माझी. कर्नाटक विधिमंडळाचं एक अधिवेशन बहुतेक वर्षी बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधात भरतं, तेव्हा निवेदन द्यायला बंगळूरलाही जावं लागणार नाही.

या पत्राला उत्तर जाहीर द्या किंवा घरी बोलावून द्या, माझी हरकत नाही. ज्या ठेकेदारांनी मला काढलं त्यांचं नाव मी इथं घातलेलं नाही आणि घालणारही नाही. त्यांच्याकडूनच मी लेव्हल बघायला शिकले आहे.

आपली,
एक शिकाऊ सेफ्टी सुपरवायझर,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव

ता. क. त्या संपाच्या तोंडावर अजून झाकण बसलेलं नाही. एक फुटकं पत्र्याचं पान टाकून वर वीट ठेवली आहे. शेजारच्या वॉचमनची दोन लेकरं तिथंच खेळतात. बाकीच्या मागण्यांचा विचार सावकाश करा, पण हे आज संध्याकाळच्या आत करा.